गर्दी असेपर्यंत न मिटणारे दार

शिक्षक-खोलीतल्या जुन्या पंख्याचा रेग्युलेटर अनेकांना आठवत असेल. काळ्या रंगाची जड डबी, तिच्यावर एक ते पाच आकडे आणि कडकड आवाज करत फिरणारी मूठ. पंखा मंद ठेवला की डबी हाताला चांगली गरम लागे. आज पुष्कळ ठिकाणी तिच्या जागी काडेपेटीपेक्षा थोडे मोठे बटण असते. ते हवे तेवढे फिरवता येते, आणि फारसे तापत नाही. ही साधी तुलना आम्ही वर्गात मांडली, तेव्हा एका विद्यार्थ्याने विचारले, "पंखा तर तेवढाच मंद फिरतो. मग आधीची उष्णता गेली कुठे?"

जुन्या डबीत तारेचे वेटोळे, म्हणजे रोध असे. पंख्याला कमी वीज द्यायची, तर काही वीज रोधात जाळून टाकायची, हा तिचा मार्ग. नळाचे पाणी जास्त येते म्हणून अर्धे मोरीत सोडून द्यावे, तसाच हा प्रकार. नव्या बटणात मात्र एक दार असते. ते सेकंदाला शंभर वेळा उघडते आणि मिटते. दार पूर्ण उघडे असताना त्याला अडवायचे काही नसते, पूर्ण मिटलेले असताना त्यातून जाणारे काही नसते. म्हणून दोन्ही वेळा उष्णता नगण्य. हे दार म्हणजे चार थरांचा अर्धवाहक स्विच. त्याचे कुलनाम थायरिस्टर. पंख्याच्या बटणात असतो तो या कुळातला दोन्ही दिशांनी उघडणारा ट्रायॅक. (टप्प्याटप्प्याने फिरणाऱ्या काही बटणांत कपॅसिटर असतात. ती गोष्ट वेगळी.)

पाठ्यपुस्तकात थायरिस्टरला दोन ओळी मिळतात : चार थर, तीन संधी, तीन तारा. त्याचा इतिहास वाचताना आम्हांला एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. एकाने दोष म्हणून बाजूला ठेवलेली गोष्ट दुसऱ्याने कामाची म्हणून उचलली, असे या कहाणीत वारंवार झाले आहे. ती कहाणी इथे सांगायची आहे.

पाऱ्याची दारे

मोठे प्रवाह वळवण्याची गरज ट्रान्झिस्टरच्या आधीपासूनची. १९०२ मध्ये पीटर कूपर ह्यूइट या अमेरिकी संशोधकाने पाऱ्याच्या वाफेतून एकाच दिशेने वीज जाऊ देणारा दिवा बनवला. त्यातून प्रत्यावर्ती प्रवाहाचे, म्हणजे ए.सी.चे, एकदिश प्रवाहात रूपांतर करणारे मोठाले काचेचे फुगे तयार झाले. ते चालू असताना आत निळसर-जांभळा प्रकाश थरथरत असे. पुढे १९२० च्या दशकात थायरॅट्रॉन नावाची वायूने भरलेली नळी आली. ग्रीक भाषेत दाराला जो शब्द आहे, त्यावरून हे नाव पडले.

थायरॅट्रॉनचा स्वभाव लक्षात ठेवण्याजोगा आहे. तिच्या जाळीला लहानसा इशारा दिला की वायूचे आयनीभवन होऊन प्रवाह सुरू होई. पण एकदा सुरू झाल्यावर जाळीला कुणी विचारत नसे. प्रवाह बाहेरूनच थांबला, तरच नळी पुन्हा शांत होई. शिवाय नळी तापायला वेळ लागे, आणि चालू असताना तिच्यात दहा-पंधरा व्होल्ट खर्ची पडत. हीच कामगिरी घन पदार्थात करता आली तर?

एक कोडे आणि त्याचे उत्तर

१९४७ च्या डिसेंबरात अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जॉन बार्डीन आणि वॉल्टर ब्रॅटन यांनी जर्मेनियमवर दोन बारीक टोके टेकवून पहिला ट्रान्झिस्टर बनवला. या टोकांच्या ट्रान्झिस्टरमध्ये एक विचित्र गोष्ट आढळली. एमिटरमधून जेवढा प्रवाह आत जाई, त्याहून जास्त कलेक्टरमधून बाहेर येई. एमिटरच्या प्रवाहाचा जो हिस्सा कलेक्टरपर्यंत पोचतो त्याला आपण अल्फा म्हणतो. तीन थरांच्या साध्या हिशेबाने अल्फा एकापेक्षा थोडा कमीच असायला हवा. मग हा जादा प्रवाह येतो कुठून?

त्यांचे सहकारी विल्यम शॉकली यांनी १९५० च्या आपल्या ग्रंथात एक शक्यता मांडली : कलेक्टरच्या टोकाशी नकळत एक जादा थर तयार होत असावा. तीन थरांचे चार होतात आणि हा चौथा थर प्रवाह वाढवतो. म्हणजे चार थरांची रचना आली ती एका कोड्याचे उत्तर म्हणून. चांगल्या प्रवर्धकाच्या दृष्टीने असा आपोआप फुगणारा प्रवाह ही ब्यादच होती.

१९५२ मध्ये बेलमधीलच जे. जे. एबर्स यांनी या चार थरांकडे पाहण्याची सोपी रीत सुचवली. बारावीनंतर इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्यांना एबर्स-मोल प्रतिमानातून त्यांचे नाव भेटते. त्यांची रीत वर्गात फळ्यावर सहज काढता येते.

दोन ट्रान्झिस्टरांची जोडगोळी

पी-एन-पी-एन असे चार थर एकापुढे एक काढा. पहिल्या पी थराला धन ध्रुव आणि शेवटच्या एन थराला ऋण ध्रुव जोडा. दोन्ही कडेच्या संधी अनुकूल दिशेने आहेत, मधली उलट दिशेने. म्हणून मधल्या संधीवर सगळा विद्युतदाब अडतो आणि दार मिटलेले राहते. गळतीचा किरकोळ प्रवाह तेवढा जातो.

आता मधल्या दोन थरांतून एक तिरकी रेघ मारा. पहिले तीन थर हा एक पीएनपी ट्रान्झिस्टर झाला आणि शेवटचे तीन थर हा एनपीएन. मधले दोन थर दोघांत सामाईक. त्यामुळे पहिल्याचा कलेक्टर हाच दुसऱ्याचा बेस, आणि दुसऱ्याचा कलेक्टर हाच पहिल्याचा बेस. एकाने पुढे ढकललेला प्रवाह दुसऱ्याला जागा करतो. दुसरा मोठा प्रवाह पहिल्याकडे परत पाठवतो आणि पहिला आणखी जोराने ढकलतो.

याचा हिशेब दोन पायऱ्यांत होतो. एकूण प्रवाह आ मानू. मधल्या संधीतून जाणाऱ्या प्रवाहाचे तीन भाग : पहिल्या ट्रान्झिस्टरकडून अल्फा-एक गुणिले आ, दुसऱ्याकडून अल्फा-दोन गुणिले आ, आणि संधीची स्वतःची गळती ग. तिन्ही मिळून पुन्हा आ. म्हणून

आ = ग ÷ [१ − (अल्फा-एक + अल्फा-दोन)]

विद्यार्थ्यांना आकडे घालून पाहू द्या. दोन्ही अल्फांची बेरीज ०.५ असेल तर प्रवाह गळतीच्या दुप्पट होतो, ०.९ असेल तर दहापट, ०.९९ असेल तर शंभरपट. बेरीज एक झाली की छेद शून्य होतो. मग प्रवाहाला आतून कोणतीच मर्यादा उरत नाही. बाहेरच्या परिपथातला पंखा, दिवा किंवा मोटर जेवढा घेईल तेवढा तो वाहतो. चार थरांत मिळून साधारण एक ते दोन व्होल्ट खर्ची पडतात.

आणि हे दार आपले आपण मिटत नाही. आतून जाणारा प्रवाहच त्याला उघडे धरून ठेवतो. जत्रेच्या दिवशी देवळाचा दरवाजा कुणी धरून ठेवावा लागत नाही. लोकांची रीघ आहे तोवर तो मिटूच शकत नाही, आणि रीघ तुटली की मिटतो. थायरिस्टरचेही तसेच. प्रवाह एका किमान पातळीखाली गेला की तो मिटतो.

सिलिकॉनचा कोरडा पाट

इथे एक शंका यायला हवी. अल्फांची बेरीज एक झाली की दार उघडते. पण चांगल्या ट्रान्झिस्टरचा अल्फा तर ०.९ च्या पुढेच असतो. दोघांची बेरीज पहिल्यापासूनच एकाहून जास्त. मग हे दार मिटलेले राहीलच कसे?

जर्मेनियममध्ये ही अडचण खरोखरच होती. सिलिकॉनमध्ये मात्र एक उणीव होती. अगदी लहान प्रवाह असताना त्याचा अल्फा फार कमी भरे. आत शिरलेले बरेच इलेक्ट्रॉन आणि होल संधीपाशीच एकमेकांना भेटून नाहीसे होत. प्रवाह वाढला की या नासाडीचे प्रमाण घटे आणि अल्फा चढे. शेतकऱ्याच्या मुलांना हे लगेच समजते. कोरड्या पाटात थोडेसे पाणी सोडले तर ते पाटच पिऊन टाकतो, शेवटच्या वाफ्यापर्यंत काही जात नाही. पाण्याचा जोर वाढवला की पाटाने प्यायलेल्या पाण्याची कुणी मोजदाद करत नाही.

ट्रान्झिस्टर बनवणाऱ्यांना खटकणारी ही उणीव बेलमधील जॉन मोल, मॉरिस टॅनेनबॉम, जेम्स गोल्डी आणि निक होलोन्याक यांच्या उपयोगी पडली. त्यांनी १९५६ मध्ये सिलिकॉनच्या पी-एन-पी-एन स्विचवरचा निबंध प्रसिद्ध केला. प्रवाह लहान असताना अल्फा कमी, म्हणून दार मिटलेले. काही कारणाने प्रवाह थोडा वाढला की अल्फा चढतो, त्याने प्रवाह आणखी वाढतो, आणि क्षणात दार सताड उघडे. सिलिकॉन "चांगले" असते तर हा स्विच झालाच नसता.

शॉकलींचा हट्ट

बेल ही टेलिफोनच्या कंपनीची प्रयोगशाळा. टेलिफोन केंद्रात हजारो जोडण्या क्षणात कराव्या आणि तोडाव्या लागत. शॉकलींना वाटले, की चार थरांचा दोन तारांचा डायोड हे काम उत्तम करील. त्याला तिसरी तार नाही. ठरावीक विद्युतदाब ओलांडला की तो आपणहून उघडतो.

शॉकली तोवर बेलमधून बाहेर पडले होते. १९५६ मध्ये त्यांनी कॅलिफोर्नियातील माउंटन व्ह्यू येथे स्वतःची प्रयोगशाळा सुरू केली आणि देशभरातून हुशार तरुण गोळा केले. त्याच वर्षी बार्डीन आणि ब्रॅटन यांच्यासह त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पण प्रयोगशाळेत सगळे ठीक नव्हते. तरुणांना सिलिकॉनचे ट्रान्झिस्टर बनवायचे होते. शॉकलींचा जीव चार थरांच्या डायोडवर जडला होता. तो बनवणे अवघड होते. किती व्होल्टला उघडायचे, हे थरांच्या जाडीवर आणि अशुद्धीच्या प्रमाणावर ठरते. त्यात जरा फरक पडला की एक डायोड दुसऱ्यासारखा वागत नसे. टेलिफोन केंद्राला तर हजारो सारखे डायोड हवे. त्यात शॉकलींची वागण्याची रीत संशयी आणि हुकमी होती. सप्टेंबर १९५७ मध्ये आठ जण एकदम बाहेर पडले आणि त्यांनी फेअरचाइल्ड सेमीकंडक्टर ही कंपनी काढली. रॉबर्ट नॉइस आणि गॉर्डन मूर त्यांतलेच. याच दोघांनी पुढे १९६८ मध्ये इंटेलची स्थापना केली. शॉकलींची प्रयोगशाळा १९६० मध्ये विकली गेली.

विद्यार्थ्यांना ही गोष्ट सांगताना शॉकलींना खलनायक करू नये, असे आम्हांला वाटते. चार थरांच्या रचनेचे मोल त्यांनी इतरांच्या आधी ओळखले होते. उपयोग कुठे, हे मात्र चुकले. टेलिफोनचा प्रवाह अगदी बारीक. या दाराची खरी गरज होती ती जिथे प्रवाह लोंढ्याने वाहतो तिथे.

क्लाइड गावातली तिसरी तार

ती गरज ओळखणारे लोक वेगळे होते. न्यूयॉर्क राज्यातल्या क्लाइड नावाच्या लहान गावात जनरल इलेक्ट्रिकचा रेक्टिफायर बनवण्याचा कारखाना होता. तिथल्या अभियंत्यांचा रोजचा संबंध मोटरी, वेल्डिंग आणि भट्ट्या यांच्याशी. बेलच्या कामाची माहिती मिळाल्यावर गॉर्डन हॉल यांनी १९५७ मध्ये मोठा प्रवाह पेलणारी चार थरांची चकती तयार केली. आतल्या पी थराला जोडलेली तिसरी तार, म्हणजे गेट, हे तिचे मर्म. विद्युतदाब वाढून दार फुटण्याची वाट पाहायची नाही. गेटमधून काही मिलिॲम्पिअरचा इशारा द्यायचा आणि हवे त्या क्षणी दार उघडायचे. किती व्होल्टला आपोआप उघडेल यातला थोडाफार फरक आता आड येत नव्हता. शॉकलींना छळणारी अडचण अशी बाजूला पडली. फ्रँक गट्झविलर या तरुण अभियंत्याने या वस्तूचे उपयोग करून दाखवले. १९५८ पासून ती 'सिलिकॉन कंट्रोल्ड रेक्टिफायर' या नावाने बाजारात आली. थायरॅट्रॉन आणि ट्रान्झिस्टर या दोन शब्दांच्या संयोगाने झालेले 'थायरिस्टर' हे नाव १९६० च्या दशकात रूढ झाले.

अजून एक अडचण होती. सिलिकॉन तापले की गळती वाढते आणि दार न सांगता उघडू शकते. बेलमधून लष्करी सेवेमार्गे जनरल इलेक्ट्रिकमध्ये आलेले होलोन्याक आणि त्यांचे सहकारी ऑल्ड्रिच यांनी यावर युक्ती काढली. कडेचा एन थर आणि त्याच्या शेजारचा पी थर काही ठिकाणी धातूने सरळ जोडून टाकायचे. म्हणजे लहानसहान गळती या आडवाटेने निघून जाते, ट्रान्झिस्टरला जागे करत नाही. सिलिकॉनमध्ये निसर्गतः असलेली उणीव त्यांनी मुद्दाम आणि मोजूनमापून बनवली! याच युक्तीच्या आधाराने दोन्ही दिशांनी उघडणारे स्विच साधले आणि १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात ट्रायॅक आला. होलोन्याक यांनी १९६२ मध्ये लाल प्रकाशाचा एलईडी बनवला, म्हणून त्यांचे नाव अधिक ठाऊक असते. पंख्याच्या बटणातही त्यांचा वाटा आहे, हे कमी जणांना माहीत असते.

मिटायचे कसे?

गेट उघडू शकते, पण मिटू शकत नाही, हा थायरॅट्रॉनचा स्वभाव इथेही उतरला. घरच्या विजेत ही अडचण आपोआप सुटते. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची. ती दर १० मिलिसेकंदांनी शून्यावर येते. रीघ तुटते, दार मिटते. पुढच्या अर्ध्या लाटेत ते किती उशिरा उघडायचे एवढेच ठरवायचे. लाट सुरू होताच उघडले तर दिव्याला पूर्ण वीज मिळते. ५ मिलिसेकंद थांबून उघडले तर बरोबर निम्मी. बटण फिरवताना आपण हा उशीर फिरवतो. वर्गातल्या त्या विद्यार्थ्याला उत्तर मिळाले : उष्णता कुठे गेली नाही, ती निर्माणच झाली नाही.

हीच रीत मोठ्या प्रमाणावर वापरली की शेकडो किलोमीटर लांब एकदिश वीज नेता येते. स्वीडनने १९५४ मध्ये गोटलंड बेटाकडे समुद्राखालून अशी वीज नेली ती पाऱ्याच्या झडपा वापरून. १९७० मध्ये तिथेच थायरिस्टर जोडले गेले. १९७२ मध्ये कॅनडात ईल रिव्हर येथे पूर्णपणे थायरिस्टरवर चालणारे केंद्र उभे राहिले. आपल्याकडे चंद्रपूर ते ठाणे जिल्ह्यातील पडघे ही ७५२ किलोमीटरची एकदिश वाहिनी १९९९ मध्ये सुरू झाली. तिची क्षमता १,५०० मेगावॉट, दाब अधिक-उणे ५०० किलोव्होल्ट. एकटा थायरिस्टर काही हजार व्होल्टच अडवू शकतो. म्हणून अशा केंद्रात ते शेकड्यांनी एकापुढे एक जोडलेले असतात. सगळ्यांना एकाच क्षणी उघडण्याचा इशारा प्रकाशतंतूंतून, प्रकाशाच्या रूपाने जातो. विदर्भातल्या कोळशाची वीज मुंबईच्या बाजूला येते ती या दारांतून.

बॅटरी किंवा एकदिश वाहिनीवर चालणाऱ्या यंत्रांत मात्र लाट शून्यावर येत नाही. तिथे कपॅसिटरने क्षणभर उलटा प्रवाह ढकलून दार मिटवावे लागे. असे परिपथ अवजड आणि खर्चिक. गेटने मिटवायचे म्हटले, तर मोठ्या चकतीत गेटचा प्रभाव त्याच्या कडेपुरताच पोचतो. दूरचा भाग वाहतच राहतो. यावर उपाय म्हणून एन थराचे अनेक बारीक पट्टे करून प्रत्येकाच्या शेजारी गेट नेण्यात आले. हा गेट टर्न-ऑफ थायरिस्टर, म्हणजे जीटीओ. तरीही हजार ॲम्पिअर मिटवायला गेटमधून दोन-तीनशे ॲम्पिअर ओढावे लागत. १९९० च्या दशकात भारतीय रेल्वेने आणलेल्या डब्ल्यूएपी-५ आणि डब्ल्यूएजी-९ या इंजिनांत सुरुवातीला जीटीओच होते. पुढे त्यांची जागा आयजीबीटीने घेतली.

गुणाचा पुन्हा दोष

आयजीबीटी हे चेन्नईत जन्मलेले आणि आयआयटी मद्रासमध्ये शिकलेले बी. जयंत बलिगा यांनी १९८० च्या सुमारास जनरल इलेक्ट्रिकमध्ये पुढे आणलेले साधन. त्याला विद्युतदाबाच्या इशाऱ्याने उघडता येते आणि मिटवताही येते. गंमत अशी, की त्याच्याही पोटात पी-एन-पी-एन असे चार थर असतात. प्रवाह फार वाढला तर ते थायरिस्टरसारखे अडकून बसतात आणि मिटायचे नाव घेत नाहीत. जो स्वभाव मिळवण्यासाठी बेलने खटपट केली, तोच दाबून टाकण्यासाठी आता संशोधकांना झटावे लागले.

संगणकाच्या सीमॉस चिपमध्येही शेजारशेजारच्या ट्रान्झिस्टरांमुळे नको असलेली चार थरांची जोडी तयार होते. विद्युतदाबाच्या एखाद्या झटक्याने ती उघडली की चिप तापते आणि कोणताही इशारा ऐकत नाही. पुरवठा तोडणे हाच उपाय. रीघ तुटल्याशिवाय दार मिटत नाही.

वर्गात करून पाहा

बीसी५५७ हा पीएनपी आणि बीसी५४७ हा एनपीएन ट्रान्झिस्टर घ्या. प्रत्येकाचा कलेक्टर दुसऱ्याच्या बेसला जोडा. ९ व्होल्टच्या बॅटरीचा धन ध्रुव १ किलोओहम रोध आणि एलईडी यांतून पीएनपीच्या एमिटरला, ऋण ध्रुव एनपीएनच्या एमिटरला जोडा. एनपीएनचा बेस आणि एमिटर यांच्यामध्ये १० किलोओहमचा रोध ठेवा. होलोन्याक-ऑल्ड्रिच यांची आडवाट ती हीच. आता दुसऱ्या १० किलोओहम रोधातून एनपीएनच्या बेसला बॅटरीच्या धन ध्रुवाचा क्षणभर स्पर्श करा. एलईडी लागेल आणि हात काढल्यावरही लागलेला राहील. बॅटरीची तार काढून पुन्हा जोडा, तो विझलेला असेल. नंतर तो पुन्हा लावा आणि एनपीएनचा बेस तारेने एमिटरला क्षणभर टेकवा. काय होते, आणि मोठ्या चकतीत ते का होत नाही, हे विद्यार्थ्यांना सांगू द्या. हा प्रयोग बॅटरीवरच करावा, घरच्या विजेवर कधीही करू नये.

प्रयोग झाल्यावर आम्ही मुलांना एक प्रश्न देतो : या जोडीतला दोष कोणता आणि गुण कोणता? फळ्यावर दोन रकाने आखतो. बहुतेक वेळा एकच वाक्य दोन्ही रकान्यांत लिहिले जाते.